माउलीच्या डोंगरावर मेणाचं विमान

खंडेराव गायधनी कुठलीही गोष्ट कागदावर आकृती काढल्याशिवाय करत नसत. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गॅसवर दूध ठेवलं की ते शेगडीसमोर असे उभे राहत, जणू दूध उतू गेलं तर अख्खा नाशिक जिल्हा अंधारात जाईल. असा हा माणूस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, जिन्यात, हातात दोन किलो आंबे असताना, काही एक विचार न करता बोलून गेला, "मी नेतो ना तुम्हाला, सिस्टर."

सिस्टर म्हणजे तळमजल्यावरच्या सिसिलियाबाई त्रिभुवन. वय शहात्तर. एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. खंडेरावांची हर्षाली त्यांच्याच हातावर जन्मली, आणि पुढे हर्षालीला जितकी इंजेक्शनं टोचली गेली तीही त्यांनीच टोचली. निवृत्तीनंतर दोन्ही घरं जेल रोडवरच्या एकाच सोसायटीत आली, त्यामुळे इंजेक्शनांची सोय अबाधित राहिली. सबंध इमारत त्यांना सिस्टर म्हणे.

त्या दिवशी सिस्टर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "यंदा चिंचदऱ्याच्या डोंगरावर जाऊन यावंसं वाटतं हो. हे होते तोवर दरवर्षी स्कूटरवरून न्यायचे. मग गुडघे गेले. आता मुलगा, रोहित, मला मेलबर्नला घेऊन चाललाय, व्हिसाचं चाललंय त्याचं. एकदा तिकडे गेले, की कुठला डोंगर आणि कुठली माउली."

एवढं ऐकल्यावर कोण गप्प बसेल? खंडेराव बोलून गेले.

चिंचदरा नाशिकपासून सत्तरेक किलोमीटर. तिथल्या डोंगराच्या माथ्यावर काळ्या दगडाचं जुनं चर्च आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन फादरनं गाढवांच्या पाठीवरून दगड वर नेऊन ते बांधलं म्हणतात. आत मातमाउलीची, म्हणजे मदर मेरीची, मूर्ती. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी यात्रा भरते. ख्रिस्ती लोक येतात आणि त्यांच्या दुप्पट बाकीचे येतात. नवस बोलायचा तो मेणाची वस्तू वाहून. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. माउली सगळ्यांचं ऐकते, अशी अख्ख्या तालुक्याची खात्री.

खंडेरावांनी घरी येऊन लताबाईंना बातमी सांगितली. लताबाई आंबे निवडत होत्या.

"तूही चल. मजा येईल."

"मी नाही. तुम्ही दोघं जा."

"का गं?"

"नाही म्हटलं ना," असं म्हणून लताबाईंनी हातातला आंबा जरा जास्तच दाबला. त्याचा रस काढावा लागला.

खंडेराव त्यात अडकून पडले नाहीत. त्यांच्या अंगात आता उत्साह भरला होता. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत शिर्डी आणि देवळ्याची सासुरवाडी सोडली तर ते कुठे गेले नव्हते. त्यांनी कागद घेतला, वर 'मोहीम चिंचदरा' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि डोंगराचा उभा छेद काढला. डोंगर त्यांनी पाहिलेला नव्हता, पण छेद फार सुबक आला. रोज सकाळी उठून ते गाडीच्या टायरमधली हवा तपासू लागले. गाडी चौदा वर्षांची होती. त्यांच्या मते ते ऐन उमेदीचं वय.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकण्यात. 'दि. ३० रोजी सिस्टर यांना घेऊन माउलीच्या डोंगरावर जात आहे. कळावे.' एवढाच संदेश. त्यात कुठेही 'आपल्या ऑर्डरी द्याव्यात' असं म्हटलेलं नव्हतं.

पहिले आले सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त तलाठी बोरस्तेतात्या. पाथर्डी फाट्यावर त्यांनी मुलासाठी फ्लॅट घेतला होता आणि चार वर्षं झाली तरी बिल्डर ताबा देत नव्हता. "खंडेराव, एक मेणाचं घर वाहा आमच्यासाठी. टू बीएचके. बाल्कनी असली तर बरं."

मग तिसऱ्या मजल्यावरचा योगेश. त्याला मुतखड्याचा त्रास. "काका, किडनी. डावी."

त्यानंतर निकिताची आई. निकितानं डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दिली होती, निकाल जूनमध्ये. तिला मेणाचा स्टेथोस्कोप हवा होता.

संध्याकाळपर्यंत बातमी देवळ्याला पोचली. खंडेरावांचा मेहुणा धनराज याचा फोन आला. धनराजची आठ एकर कांद्याची शेती, आणि आवाज असा की त्याला फोनची गरजच नसावी.

"दाजी, कांदाले भाव नही शे! तुम्ही डोंगरावर चाललात ना, मंग एक मेणाचा कांदा वाहा."

"अरे, कांदा कोणी वाहतं का?"

"पाय वाहतात, हात वाहतात, मंग कांदाच काय पाप केलं? मोठा वाहा. गोल्टी नको."

शेवटचा फोन मेलबर्नहून. सिस्टरांचा रोहित. संगणकात काम करणारा हा पोरगा फार गंभीरपणे म्हणाला, "काका, माझा विश्वास बसत नाही असल्या गोष्टींवर. पण आईच्या व्हिसाची फाईल पाच महिने अडकलीय. एक मेणाचं विमान वाहा. आईच्या हातानं."

एकूण अकरा वस्तू झाल्या. खंडेरावांनी तक्ता केला. विमानाच्या पुढे त्यांनी लाल पेनानं खूण केली. ती करताना का कोण जाणे, त्यांना जरा बरं वाटलं नाही. दुपारचा चहा कमी झाला असेल असं समजून त्यांनी आणखी एक कप घेतला.

आता पास. यात्रेच्या दिवशी गाड्या डोंगराच्या पायथ्याशीच अडवतात. पुढे चार किलोमीटर चढ. ज्येष्ठ नागरिकांच्या गाडीला मात्र वरच्या वाहनतळापर्यंत सोडतात. तिथून राहतात एकशे चाळीस पायऱ्या. त्यासाठी यात्रा समितीचा पास लागतो, आणि पाससाठी लागतो अर्ज. अर्जासोबत डॉक्टरचं पत्र, गाडीच्या कागदांची प्रत आणि दोन फोटो. खंडेरावांनी सगळं तीन प्रतींत नेलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दोन प्रतींवर झोप लागत नाही.

समितीच्या नाशिकच्या कचेरीत टेबलामागे सरिताताई नावाच्या स्वयंसेविका होत्या. त्यांनी सगळं तपासलं आणि पेन एका चौकोनावर ठेवलं. "यात्रेकरूशी नातं?"

"शेजारी."

"शेजारी नाही यात. मुलगा, मुलगी, सून, जावई."

"पण मी शेजारीच आहे. गेली अठ्ठावीस वर्षं. आधी वसाहतीत, आता सोसायटीत."

"काका, अठ्ठावीस वर्षं कोणी जावईसुद्धा टिकत नाही," सरिताताई म्हणाल्या आणि त्यांनी 'मुलगा'वर खूण केली. मागे चाळीस माणसांची रांग होती. पास हातात पडला तेव्हा त्यावर छापलं होतं, 'चालक : खंडेराव त्रिभुवन (मुलगा)'. खंडेरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पळसे गावच्या गायधनींच्या सात पिढ्यांत असं कोणाचं झालं नव्हतं. दुरुस्तीसाठी नवीन अर्ज लागेल, सरिताताई म्हणाल्या. तो मिळण्याची खिडकी बंद झाली होती.

मेणवाल्याकडे वेगळीच मजा. हात, पाय, बाळ आणि काळीज एवढं तयार होतं. घर त्यानं दाखवलं ते बैठं होतं. बाल्कनी वेगळी चिकटवून दिली. किडनी त्यानं काजू पाहून केली. स्टेथोस्कोप नागोबासारखा झाला, पण निकिताच्या आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "असू द्या, ओळखू येतोय." विमान मात्र देखणं होतं. दोन पंख, शेपटी, खिडक्यासुद्धा. आणि कांदा! खरा कांदा मातीत दाबून त्याचा साचा केला होता, वर लालसर रंग दिला होता. तो इतका हुबेहूब झाला की घरी ओट्यावर ठेवताच लताबाईंनी तो पोह्यांसाठी चिरायला घेतला. सुरी मध्यापर्यंत गेली आणि रुतली.

"कसला मेला कांदा आणलाय! डोळ्यांत पाणीसुद्धा येत नाही."

खंडेरावांनी सुरी काढली आणि त्या फटीत मेणबत्तीचं मेण ओतलं. धनराजला हे कधीही कळवायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

आणि शनिवार उजाडला. निघायची वेळ सहा. सिस्टर साडेपाचलाच तयार होऊन फाटकाशी बसल्या होत्या. आकाशी रंगाची साडी, गळ्यात जपमाळ, डब्यात मेथीचे पराठे. खंडेराव आठला निघाले, कारण बोरस्तेतात्यांनी रस्त्याचं विचारलं. त्यांच्या मते सिन्नरवरूनच जावं. योगेशच्या मते सिन्नरवरून फक्त वेडा माणूस जाईल. दीड तास फाटकात दोन पक्ष पडले आणि शेवटी सिस्टर म्हणाल्या, "मी तीस वर्षं गेलेय त्या रस्त्यानं. मला विचारा ना कोणीतरी." ते कोणाला सुचलं नव्हतं.

मेणाच्या वस्तूंचं खोकं कुठे ठेवायचं, याचा खंडेरावांनी आदल्या दिवशीच अभ्यास केला होता. डिकीखाली सायलेन्सर तापतो. मागच्या काचेतून ऊन येतं. मागच्या सीटवर सिस्टर पाय लांब करून बसणार. उरली ती चालकाशेजारच्या सीटसमोरची, पाय ठेवायची जागा. तिथे कायम सावली आणि एसीची गार हवा. "उष्णता हा माझा विषय आहे," खोकं ठेवताना ते बोरस्तेतात्यांना म्हणाले. "चौतीस वर्षं दुसरं केलं काय?"

पहिले पन्नास किलोमीटर स्वर्ग होते. सिस्टर मागे बसून माउलीची गाणी म्हणत होत्या. मध्येच थांबून सांगायच्या, इथं आमची स्कूटर पंक्चर झाली होती, इथं यांनी मला उसाचा रस पाजला होता आणि मग तीन दिवस मला जुलाब. खंडेरावांना इतका आनंद झाला होता की ते समोरून येणाऱ्या एसटीलाही हात करत होते.

मग घाट लागला. बाहेर एकेचाळीस अंश. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा काटा लालकडे सरकायला लागला. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. खंडेराव खुलले. आयुष्यभर ज्या काट्यांकडे पाहिलं, त्यातलाच हा एक धाकटा भाऊ. त्यांनी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर चालू केला. पूर्ण.

"खंडेराव, हे काय हो? भट्टी पेटवलीत?"

"घाबरू नका सिस्टर, शास्त्र आहे. इंजिनाची उष्णता आपण आत ओढून घ्यायची. इंजिन गार, गाडी वर."

"आणि आपण?"

"आपण सहन करायचं."

"बरं," सिस्टर पदरानं वारा घेत म्हणाल्या. "पण मिस्सेच्या प्रार्थनेआधी मला शिजवू नका म्हणजे झालं."

काटा खाली आला. खंडेरावांची छाती भरून आली. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता, पण गाडी बंद पडलेल्या सात जणांना त्यांनी मागे टाकलं, आणि प्रत्येकाकडे त्यांनी सहानुभूतीनं पाहिलं. घाटमाथ्यावर पोचता पोचता सिस्टर म्हणाल्या, "मेणबत्त्यांचा वास येतोय हो."

"येणारच," खंडेराव म्हणाले. "देऊळ जवळ आलं ना!"

माउलीच्या डोंगराच्या पायथ्याला, अडसराशी एका स्वयंसेवकानं पास मागितला, मग लायसन मागितलं. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी धरलं. "पासावर त्रिभुवन हे, लायसनवर गायधनी हे. मुलगा हे ना तुम्ही?"

खंडेराव खरं बोलायला तोंड उघडणार, तोच मागून सिस्टरांचा आवाज आला. दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांना बाहेर काढताना त्या जो वापरत, तो आवाज.

"अरे बाबा, ह्यांची पोरगी माझ्या हातावर जन्मली. ह्यांच्या बायकोच्या टायफॉइडमध्ये एकवीस रात्री मी उशाशी बसले. आता ह्यांना मुलगा म्हण नाहीतर आणखी काही म्हण, पण इथं उन्हात उभं राहून माझे गुडघे बरे व्हायचे नाहीत."

"जा आजी, जा," तो म्हणाला. "वर लय गर्दी हे, सांभाळून."

खंडेरावांनी गाडी पुढच्या चढाला घातली. पासवरचं नाव त्यांना आता तितकंसं खटकत नव्हतं.

वाहनतळावर गाडी लावून त्यांनी मोठ्या दिमाखात पुढचं दार उघडलं आणि खोक्याचं झाकण काढलं. मग त्यांनी झाकण परत लावलं. पाच क्षण थांबले. पुन्हा काढलं.

आतलं काही बदललं नव्हतं. हीटरचं तोंड नेमकं पायांकडे सोडलेलं, नेमकं खोक्यावर, पाऊण तास. घर कांद्यात शिरलं होतं. कांदा किडनीवर बसला होता. स्टेथोस्कोप सगळ्यांच्या भोवती वेटोळं घालून पातळ झाला होता. अकरा माणसांच्या अकरा इच्छांचा मिळून एक लालसर पांढरा गोळा झाला होता, आणि त्यातून विमानाचा एकच पंख वर आला होता, बुडणाऱ्या माणसानं हात वर करावा तसा.

उष्णता हा माझा विषय आहे! खंडेरावांना स्वतःचं वाक्य स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. नोकरीच्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक व्हॉल्व्ह चुकला नव्हता. आणि आज एका म्हातारीचा व्हिसा गेला.

"काय झालं?" सिस्टर काठी टेकत येत होत्या.

"काही नाही. जरा जड आहे, मी घेतो." त्यांनी खोकं छातीशी धरलं. बाहेरून ते अजून ऊनच होतं.

पायऱ्या सुरू झाल्या. सिस्टर दहा पायऱ्या चढायच्या आणि थांबायच्या. खंडेराव सात चढायचे आणि थांबायचे. सिस्टर दम खायला थांबत होत्या, खंडेराव नवीन विमान शोधायला. दोन्ही बाजूंना मेणाची दुकानं होती. पहिल्या चार दुकानांत विमान नव्हतं. पाचव्या दुकानात भागीबाई नावाची एक म्हातारी बसली होती. खंडेरावांनी सिस्टरांपासून चोरून खालच्या आवाजात विचारलं.

"इमान?" भागीबाई मोठ्यानं म्हणाल्या. "इमानं दहा वाजताच संपत्यात, भाऊ. सगळ्यांची पोरं बाहेरच जायला बसल्यात. पाय घ्या, पाय लय शिल्लक हेत."

सिस्टरांनी मागून ऐकलं. "कशाला हवंय विमान? आहे ना आपल्याकडं?"

खंडेराव तिथेच पायरीवर बसले. त्यांनी खोकं मांडीवर घेतलं आणि झाकण काढलं. बॉयलर फुटला असता तर त्याचा अहवाल कसा लिहायचा हे त्यांना माहीत होतं. याचा नमुना कुठेच नव्हता.

"हीटर," ते एवढंच म्हणाले.

सिस्टरांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. खंडेराव घाबरून उठले. त्यांना वाटलं, या आता रडणार. पण सिस्टर हसत होत्या. काठी टेकून, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. भागीबाईंनी त्यांना बसायला आपला पाट दिला.

"वितळलं? पार वितळलं?"

"पंख आहे एक. मी दुसरं करून आणतो. नाशिकला जाऊन आणतो, रात्रीपर्यंत..."

"बसा खाली," सिस्टर म्हणाल्या. "बरं झालं वितळलं. मला जायचंच नाही हो तिकडं."

खंडेराव बसले.

"गेल्या वेळी तीन महिने राहून आले ना. घर छान आहे, सून चांगली आहे, दोघं सकाळी कामावर जातात. मी खिडकीत बसते. दुपारी त्या रस्त्यावर एक माणूस दिसत नाही. मंगळवारी कचऱ्याची गाडी यायची, तोच माझा सण. मी तिथं कोणाला इंजेक्शन देऊ? कोणाचं बाळ बघू? पण रोहित एवढं मनावर घेऊन करतोय, त्याला नाही म्हणायचं तोंड होत नाही. म्हणून म्हटलं, एकदा इथं येऊन माउलीलाच विचारावं. विमान वाहायची वेळ आली, की हात पुढं होतो का बघावं." त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसू आलं. "तर तुम्ही आधीच वितळवून ठेवलंत."

खंडेरावांना आता उलगडा झाला. तीन आठवडे ते रोज टायरची हवा बघत होते आणि आपल्याला कसला एवढा उत्साह आलाय, कसली मधूनच धडधड होतेय, हे त्यांना समजत नव्हतं. लताबाईंनी आंबा का दाबला, तेही आत्ता समजलं. चार शब्दांत सांगायचं तर, या बाईंनी जाऊ नये.

"सिस्टर," ते म्हणाले, "फोन लावू?"

"आता?"

"आता. खाली गेलात की पुन्हा तोंड होणार नाही तुमचं."

मेलबर्नला संध्याकाळ होत होती. सिस्टरांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. त्यामुळे संभाषणात भागीबाईही सामील झाल्या.

"रोहित, मी येत नाही रे बाळा तिकडं राहायला."

"आई, काय बोलतेस? मी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली."

"कोणता रंग दिलास?"

"आकाशी. तुला आवडतो ना."

सिस्टरांनी डोळे मिटले. भागीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मग बघायला येईन की," सिस्टर म्हणाल्या. "पाहुणी म्हणून. महिनाभर. पण राहायला नको. माझं म्हातारपण माझ्या माणसांत जाऊ दे."

"तुला काही झालं तर? मी इतक्या लांब. काका आहेत का तिथे? त्यांना दे."

खंडेरावांनी फोन घेतला. बरंच काही जबाबदारीनं सांगायचं होतं. जवळच दवाखाना आहे, लता आहे, सोसायटीत सतरा घरं आहेत. पण मनात जे सलत होतं तेच आधी बाहेर आलं. "रोहित, विमान मी वितळवलं. चुकून. घाटात हीटर लावला होता."

"मे महिन्यात?"

"इंजिनाची उष्णता आत घ्यायची असते."

"काका," रोहितचा आवाज जरा विचित्र झाला, "तुम्ही थर्मलला होतात ना?" आणि मग सात समुद्रांपलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं. आधी हसला, मग नाक ओढलं, मग म्हणाला, "डिसेंबरमध्ये मी येतो. समोरासमोर बोलू. आईला पायऱ्या सावकाश उतरवा." खंडेरावांच्या मानाला थोडी इजा झाली होती, पण ती त्यांनी सोसली.

वर चर्चच्या ओसरीत मेण वाहायचं मोठं लाकडी टेबल होतं. फादर भालेराव स्वतः उभे होते. खंडेरावांनी चोरट्यासारखा तो गोळा पुढे केला आणि अपराध्यासारखा तक्ताही पुढे केला. "फादर, यात एक टू बीएचके आहे, एक डावी किडनी, एक कांदा. कुठे काय आहे ते सांगता येणार नाही. नावं मात्र बरोबर आहेत."

फादरांनी गोळा दोन्ही हातांत तोलला. "काका, हे सगळं आम्ही संध्याकाळी वितळवतोच. वर्षभराच्या मेणबत्त्या त्यातून होतात. तुम्ही आमचं थोडं काम हलकं केलंत." मग त्यांनी तक्त्यावरून नजर फिरवली. "कांदा कोणाचा?"

"मेहुण्याचा. देवळ्याचा."

"बरोबर केलं. माझे वडीलही कांदाच करतात," फादर म्हणाले आणि तक्ता त्यांनी माउलीच्या पायाशी ठेवला.

मिस्सा सुरू झाली. खंडेराव शेवटच्या रांगेत बसले. सगळे उठले की ते बसत आणि सगळे बसले की ते उठत, त्यामुळे मागून त्यांची एकट्याची वेगळीच प्रार्थना चालल्यासारखं दिसत होतं. काळ्या दगडांतून गारवा येत होता. पुढे सिस्टर, गुडघे दुखत असूनही ते टेकून बसल्या होत्या आणि त्यांची पाठ हलकी झाल्यासारखी दिसत होती. घंटा झाली तेव्हा खंडेरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला परस्पर नमस्कार केला. नेमका तेव्हाच एकमेकांना शांती द्यायचा विधी चालू होता, असं नंतर कळलं. त्या दिवसातली ती त्यांची एकमेव अचूक कृती.

परतीला ते घरी पोचले तेव्हा सोसायटीच्या फाटकात सगळी गिऱ्हाइकं उभी होती. खंडेरावांनी घाटापासून निवेदन जुळवून ठेवलं होतं. 'वाहताना वस्तूंचं स्वरूप किंचित बदललं असलं तरी' अशी त्याची सुरुवात होती. ते गाडीतून उतरले, खाकरले. पण तेवढ्यात सिस्टरांनी मागचं दार उघडून सांगून टाकलं, "मी जात नाही गं बायांनो मेलबर्नला!" आणि मग फ्लॅट, किडनी आणि निकाल सगळं विसरून जो तो त्यांच्याभोवती गेला. बोरस्तेतात्या रस्ता कोणता घेतला हेसुद्धा विचारायचे राहिले. खंडेराव निवेदन घेऊन एकटेच जिना चढले.

लताबाई दारातच होत्या. खालचा गलका त्यांनी ऐकला होता. "खरं?" त्यांनी विचारलं.

"खरं."

लताबाई आत गेल्या, कुकर लावला आणि शिट्टीच्या आवाजात निवांत रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला बेल वाजली. दारात सिस्टर उभ्या होत्या, हातात एक गंजलेला वॉशर.

"स्वयंपाकघरातला नळ चार महिने गळतोय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जायचंच आहे तर कशाला उगाच. आता राहायचं म्हणजे बदलायला हवा. आणि बाथरूमचा बल्बही गेलाय. खिडकीची एक कडी बसत नाही. बाकीचं सावकाश सांगते."

खंडेरावांनी चहा अर्धा टाकला, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ते घाईघाईनं जिना उतरू लागले. कागद, आकृती काही काढली नाही.